ऐन कापणीत सोडलेलं रान

सेइनायोकीहून ओउलूकडे जाणारी रेल्वे सुटली की पाव तासात लापुआ येतं. गाडी क्षणभर थांबते, दोन-चार माणसं चढतात-उतरतात, आणि पुन्हा दोन्ही बाजूंना रानंच रानं. मी गेली सहा वर्षं फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, वासा शहरात राहते. शेतकऱ्याच्या घरात जन्मले म्हणून असेल, पण प्रवासात माझी नजर आधी जमिनीवर जाते. इथली जमीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा जीव हरखून गेला होता. नजर पोचेल तिथवर सपाट, मधून लांबच लांब सरळ चर काढलेले, ओट आणि बार्लीचे पट्टे, आणि त्या पट्ट्यांत उन्हापावसानं राखाडी पडलेल्या लाकडी गवतकोठ्या, एकेकट्या उभ्या. आमच्या बार्शीकडच्या रानात बांधावर बाभळ असते, विहीर असते, कुणाची तरी वस्ती दिसते. इथं आभाळ थेट जमिनीला टेकतं.

या मुलखाला फिनिश भाषेत पोह्यानमा म्हणतात. इथली जमीन समुद्रातून वर आलेली आहे, आणि अजून येतेच आहे. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्यानं दबलेली धरणी हळूहळू उठतेय. वासाच्या किनाऱ्याला वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर. पणजोबा जिथं होडी बांधत होते तिथं पणतू गवत कापतो. ऐकायला हे वरदान वाटतं, पण समुद्रतळाच्या त्या चिखलात गंधक असतं, चर खणून पाणी काढलं की माती आंबट होते, आणि तिला वर्षानुवर्षं चुना खायला घालावा लागतो. कुणाच्याही हातात तयार रान आलेलं नाही. अशा जमिनीवर राबणाऱ्या माणसाबद्दल मला आधीपासूनच माया. ‘शेतकरी चिडला’ असं कुणी म्हटलं की मी कारण विचारायच्या आधी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहते. घरातून आलेली सवय आहे ती.

म्हणूनच लापुआच्या विहतोरी कोसोला या शेतकरी पुढाऱ्याची गोष्ट मला इतकी लागली.

या गोष्टीकडे मी वळले ते कामावरच्या जेवणाच्या सुट्टीतल्या एका बोलण्यामुळे. माझ्या एका सहकाऱ्याचं मूळ गाव लापुआजवळचं. मितभाषी माणूस, इथले बहुतेक असतात तसा. मी सहज म्हणाले की तुमच्या गावावरून गाडी जाते तेव्हा मला माझं रान आठवतं. तो थोडा वेळ कॉफी ढवळत राहिला. मग म्हणाला, आमच्या पणजोबांकडे मोटार होती, गावात तेव्हा मोजक्याच होत्या. १९३० च्या उन्हाळ्यात ती रात्री बाहेर जायची. कुणाला घेऊन जायची, ते घरात कुणी विचारलं नाही. सकाळी पणजी मोटारीची मागची बैठक धुवायची. एवढं बोलून तो उठला आणि कप धुवायला गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी बरंच वाचलं. दुपारी तीनला अंधार पडतो इथं. वाचायला वेळ असतो.

कोसोला १८८४ सालचा, युलिहार्माचा जन्म, वाढला लापुआत. खाऊनपिऊन सुखी शेतकरी घराणं. हा सगळा पट्टा ताठ मानेच्या, स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर जगणाऱ्या माणसांचा. कुणाच्या वाड्यावर वेठीला न गेलेली माणसं ही. एकोणिसाव्या शतकात इथले सुरीबहाद्दर तरुण देशभर बदनाम होते आणि त्याच गावांतून धार्मिक जागरणाची मोठी लाट आली होती. देव आणि दंडेली, दोन्ही एकाच अंगणात. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात. पहिल्या महायुद्धात फिनलंडचे जवळपास १,९०० तरुण चोरून जर्मनीत लष्करी शिक्षणाला गेले, उद्या आपल्या देशासाठी लढता यावं म्हणून. त्यांना लपवायचं, जेवू घालायचं, रात्रीतून पुढच्या घरी पोचवायचं, हे काम पोह्यानमातल्या शेतकऱ्यांनी केलं. कोसोलाचं घर त्यातलंच एक. १९१६ मध्ये त्याला पकडलं, पेत्रोग्राडच्या श्पालेर्नाया तुरुंगात टाकलं. पुढच्या मार्चमध्ये रशियात क्रांती झाली, तुरुंगांची दारं उघडली, तेव्हा सुटून घरी आला.

इथपर्यंत मी त्याच्याबरोबर होते, अगदी मनापासून. परक्या राज्याच्या शिपायांपासून पोरांना लपवणारं घर, चुलीवर जास्तीचं शिजवणारी बाई, कुत्रं भुंकलं की थबकणारे सगळे. आपल्याकडे भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या घरांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या माणसाला हे परकं कसं वाटेल?

मग १९१८ चं यादवी युद्ध. देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि लगेच लाल आणि पांढरे असे दोन तुकडे. कामगार आणि भूमिहीन एका बाजूला, जमीनवाले आणि सुशिक्षित मध्यमवर्ग दुसऱ्या बाजूला, ढोबळमानानं. जेमतेम तीस लाखांच्या देशात ३६ हजारांवर माणसं गेली. लढाईत कमी, गोळ्या घालून आणि छावण्यांत उपासमारीनं आणि रोगराईनं जास्त. वासा ही पांढऱ्यांची राजधानी होती. मी रोज ज्या चौकातून जाते तिथं त्याच्या खुणा आहेत. पोह्यानमाचे शेतकरी जिंकलेल्या बाजूचे. पण जिंकलेल्याला आपण जिंकलो याची खात्री कधी पटत नाही असं दिसतं. पुढची दहा-अकरा वर्षं बंदरावर संप झाला की इथली शेतकऱ्यांची पोरं संप फोडायला रेल्वेनं जायची, आणि त्यांची जमवाजमव करणाऱ्यांत कोसोला पुढे असायचा. शेतमालक आता माणसं गोळा करणारा झाला होता.

त्यात मंदी. लाकडाचा भाव पडला, आणि इथल्या शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा यायचा तो जंगलातूनच. कर्ज काढून नवी अवजारं घेतलेली, घर वाढवलेलं. जप्तीचे कागद येऊ लागले. अंगणात उभं राहून स्वतःच्या गाईंचा लिलाव बघायचा म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको. हे दुःख खरं होतं. कोसोलाच्या मागे गेलेली सगळी माणसं मुळात दुष्ट होती असं जे लिहितात त्यांनी कधी जप्तीचा कागद हातात धरलेला नसावा.

नोव्हेंबर १९२९. लापुआत कम्युनिस्ट तरुणांचा मेळावा भरला, लाल सदरे घालून पोरं आली. गावाच्या देवाधर्माला डिवचणारं बोलली. गावकरी आत घुसले, सदरे फाडले, पोरांना बदडून हाकलून लावलं. एवढीच घटना. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात घडते आणि चार दिवसांत विसरली जाते अशी. पण या वेळी देशभरातून शाबासकी आली. वर्तमानपत्रांतून, पाद्र्यांकडून, बँकांच्या आणि कारखान्यांच्या मालकांकडून, लष्करी अधिकाऱ्यांकडून. अखेर कुणीतरी उठलं, असं सगळे म्हणाले. लापुआ चळवळ असं नाव पडलं, आणि तिचा चेहरा म्हणून उभा राहिला विहतोरी कोसोला. रुंद खांद्यांचा, जाडजूड, साध्या शेतकरी बोलीत बोलणारा. इटलीत मुसोलिनी येऊन काही वर्षं झाली होती. लोक दोघांची तुलना करू लागले, आणि त्याला ती आवडू लागली.

मला वाटतं घसरण सुरू झाली ती इथं. मार पडला तिथं नाही, शाबासकी पडली तिथं. त्याला त्या सगळ्यांची जितकी गरज होती, त्याहून त्यांना त्याची जास्त होती. राजधानीतला बँकवाला स्वतः उठून म्हणाला असता की कामगारांची संघटना मोडा, तर त्याचं कुणी ऐकलं नसतं. तेच शेतकऱ्यानं म्हटलं की तो मातीचा आवाज होतो. शेतकऱ्याच्या नावात ही ताकद आहे, आणि ती ताकद उसनी न्यायला गाड्या घेऊन लोक येतात. कोसोलाच्या दारात त्या रांगेनं उभ्या राहिल्या.

मार्च १९३० मध्ये वासात एका कम्युनिस्ट वर्तमानपत्राचा छापखाना फोडला गेला. फोडणाऱ्या शेतकऱ्यांनी लपवाछपवी केली नाही; आम्हीच केलं असं लिहून खाली सह्या दिल्या. जूनमध्ये त्या खटल्याच्या वेळी छापखान्याच्या बाजूचा वकील, आस्सेर सालो, याला कोर्टापाशीच मारहाण करून मोटारीत कोंबून नेलं. आणि मग तो उन्हाळा सुरू झाला. ‘मुइलुतुस’ असा एक नवा शब्दच फिनिश भाषेत आला. माणसाला घरातून उचलायचं, गाडीत घालायचं, मारत मारत शेकडो किलोमीटर पूर्वेकडे न्यायचं आणि सोव्हिएत सरहद्दीपाशी सोडून द्यायचं. तुला रशिया आवडतो ना, जा. १९३० या एका वर्षात असे अडीचशेच्या आसपास प्रकार झाले. सुरुवात कम्युनिस्टांपासून झाली, पण अशा गोष्टी सुरुवात झालेल्या जागी थांबत नाहीत. ५ जुलैला संसदेच्या घटना समितीची बैठक चालू असताना आत शिरून दोन खासदारांना उचललं आणि लापुआला नेलं. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हेइनावेसी गावात ओन्नी हाप्पोनेन या समाजवादी पुढाऱ्याला गावसभेच्या बैठकीतून ओढून नेलं. हा कम्युनिस्टही नव्हता. त्याचा मृतदेह जंगलात सापडायला १९३२ साल उजाडलं.

माझ्या सहकाऱ्याच्या पणजोबांची मोटार यातल्या कुठल्या रस्त्यांवरून धावली, ते त्याला माहीत नाही. मोटारीच्या त्या मागच्या बैठकीवरून मात्र माझं मन हटत नाही. उन्हाळ्यात इथं रात्र होतच नाही जवळजवळ. म्हणजे अंधाराचा आडोसाही नव्हता. दुधाळ उजेडात गाडी परत येताना शेजाऱ्यांनी पाहिली असेल. विहिरीवरून पाणी आणणारी ती बाई, बादली, फडकं. घरातला प्रत्येक जण तिच्याकडे न बघता न्याहारी करत असणार.

७ जुलै १९३०. हेलसिंकीत बारा हजारांवर शेतकऱ्यांचा मोर्चा. देशाच्या कानाकोपऱ्यातून रेल्वेनं माणसं आली. कॅथेड्रलसमोरच्या सिनेट चौकात ती रांगेनं उभी राहिली. राष्ट्राध्यक्ष रेलांदेर हजर होते, तीनच दिवसांपूर्वी पंतप्रधान झालेले स्विन्हुवुद हजर होते, जनरल मान्नरहाइमही. आणि त्या सगळ्यांसमोर लापुआचा शेतकरी बोलायला उभा राहिला. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात उंच दिवस.

या दिवसाचे फोटो मी बघते तेव्हा मला वेगळंच काहीतरी टोचतं. जुलैची सुरुवात म्हणजे इथं गवताच्या कापणीचे दिवस. उन्हाचे चार-आठ दिवस मिळतात तेवढ्यात कापायचं, खुंट्यांवर वाळत घालायचं, पाऊस यायच्या आत कोठीत भरायचं. ते चुकलं तर हिवाळ्याचे सात महिने जनावरांना काय घालायचं? आमच्याकडे सुगीच्या दिवसांत माणूस सोयऱ्याच्या लग्नालासुद्धा नाखुशीनं जातो. आणि हे बारा हजार जण ऐन कापणीत रान सोडून दगडी चौकात उभे. घरी बायका, म्हातारे, पोरं विळे घेऊन रानात. कोसोलाच्या रानात त्या वर्षी कुणी गवत कापलं असेल? शेताकडे कोण बघत होतं? ज्या मातीच्या नावानं तो बोलत होता त्या मातीत त्याचा हात शेवटचा कधी गेला होता?

ऑक्टोबरात लोभ आणखी वाढला. १४ तारखेला सकाळी फिरायला निघालेले के. जे. स्टोलबर्ग आणि त्यांची पत्नी एस्तेर यांना हेलसिंकीत गाडीत घालून पळवलं. स्टोलबर्ग म्हणजे फिनलंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष, ज्यांच्या हातून देशाच्या राज्यघटनेचा पाया घातला गेला. एस्तेरबाई यादवी युद्धानंतर पोरक्या झालेल्या मुलांना घरं मिळवून देणारी संस्था उभी करणाऱ्या. दोघांना देशाच्या पूर्व टोकाला योएन्सूला नेऊन सोडलं. या कटात लष्करप्रमुखाच्या खालोखालचा अधिकारी, जनरल वालेनियस, गुंतलेला निघाला. देश हादरला तो तेव्हा. इतके दिवस गप्प बसलेली सभ्य माणसं म्हणाली, हे अति झालं. मला त्यांचा राग येतो, स्पष्टच सांगते. उन्हाळाभर शिंपी, लाकूडतोडे, गावपुढारी उचलून नेत होते तेव्हा काय झालं होतं?

त्याच ऑक्टोबरात निवडणुका झाल्या. कम्युनिस्टांविरुद्धचे कायदे अडवायला सोशल डेमोक्रॅट पक्षाला ६७ जागा लागत होत्या, मिळाल्या ६६. एका जागेनं कायदे झाले. त्यांतलाच एक प्रजासत्ताकाच्या रक्षणाचा कायदा. लापुआच्या लोकांनी मोठ्या ईर्ष्येनं मागून घेतलेला.

यानंतरचं भराभर घडलं. फेब्रुवारी १९३२ च्या अखेरीस म्यान्त्सेला गावात एका समाजवादी नेत्याचं भाषण बंदुका घेऊन उधळून लावलं आणि तिथंच बंडाचा तळ पडला. सरकार बदला, अशी मागणी. कोसोलाही तिथं पोचला. स्विन्हुवुद आता राष्ट्राध्यक्ष होते, आणि ते चळवळीच्याच पाठिंब्यावर तिथवर आलेले. त्यांनी २ मार्चला रेडिओवरून सांगितलं की घरी जा. साध्या माणसांना शिक्षा होणार नाही, पुढाऱ्यांना होईल. बर्फात शेकोट्या करून बसलेली माणसं उठली आणि घरी गेली. ६ मार्चला सगळं आटोपलं. कोसोलाला अटक झाली. चळवळीवर बंदी आली, ती त्याच प्रजासत्ताक रक्षणाच्या कायद्याखाली.

काही महिन्यांनी तो सुटला. सुटकेच्या सुमारास नवा पक्ष निघाला होता, देशभक्त जनचळवळ, काळे सदरे आणि निळे टाय घालणारा. त्याला अध्यक्ष केलं. पण तोवर वारं फिरलं होतं, आणि पक्षाची सूत्रं शिकल्यासवरलेल्या पाद्र्यांच्या आणि पदवीधरांच्या हातात होती. त्यांना सभेला दाखवायला शेतकरी हवा होता, निर्णय घ्यायला नको होता. तो स्वतः खासदार कधीच झाला नाही. दारूचा नाद होता, तो वाढला. १९३६ मध्ये त्याला बाजूला सारून दुसरा अध्यक्ष आणला आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला न्यूमोनियानं तो लापुआत गेला. वय ५२.

मला त्याची दया येते का? येते. लिहिताना हात अडखळतो, कारण हाप्पोनेनचा मृतदेह दोन वर्षं जंगलात होता आणि दया वाटायला आधी तो डोळ्यांसमोर यायला हवा. दोन्ही एकाच मनात राहतात.

आणि असंही नाही की त्या मुलखातल्या शेतकऱ्याला दुसरी वाटच नव्हती. लापुआच्या उत्तरेला निवाला म्हणून गाव आहे. तिथला शेतकरी क्युओस्ती कालियो. तसाच पांढऱ्यांच्या बाजूचा, तसाच देवभोळा, कोसोलापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. यादवी संपली त्या मे महिन्यात, सूडाच्या गोळ्या अजून झडत असताना, त्यानं निवालाच्या चर्चमध्ये सांगितलं की आता आपल्याला असा देश घडवायचाय जिथं लाल आणि पांढरे नसतील. चार वर्षांनी त्यानंच भूमिहीनांना आणि कुळांना स्वतःची जमीन मिळवून देणारा कायदा आणला. तो आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. १९३० मध्ये पंतप्रधान तोच होता, आणि लापुआवाल्यांच्या दबावाखाली त्याला पायउतार व्हावं लागलं. त्यानं सुरुवातीला त्यांना फारच सांभाळून घेतलं, हा दोष त्याच्याकडे जातो. पण १९३७ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्यानं शेतकऱ्यांचा पक्ष आणि समाजवादी यांना एकत्र सरकारात बसवलं, जे कोसोलाच्या माणसांना पाप वाटायचं. १९ डिसेंबर १९४० ला आजारी कालियो पद सोडून निवालाला घरी निघाला. हेलसिंकी स्टेशनवर निरोपाचा बँड वाजत होता. गाडीकडे चालता चालता तो कोसळला आणि तिथंच गेला. रानात परत जायचं दोघांनाही जमलं नाही.

ही सगळी गोष्ट मी इतकी उकरत का बसले, याला कारण आहे. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा.

बार्शीच्या पुढं आमचं गाव. कोरडवाहू जमीन, शाळू आणि तूर. आबा बोलायचे फार सुंदर. पंगतीत, पारावर, माणसं हातातलं काम सोडून ऐकायची. मी चौथीत असताना तालुक्याहून जीप यायला लागली. शेतकऱ्यांची बाजू मांडणारा अस्सल माणूस हवाय, असं ते लोक म्हणायचे. भाव पडलेले, सोसायटीचं कर्ज थकलेलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आबांच्या गळ्यात हार पडले. त्यांनी नवं धोतर, नवा पटका घेतला. आजी म्हणायची, पाळी घालायचीय, पाऊस झालाय, वाफसा जाईल. आबा म्हणायचे, येतो उद्या. उद्याला पुन्हा जीप.

सभांमधलं बोलणं हळूहळू भावावरून माणसांवर आलं. कोण आपला, कोण उपरा. ते आबा बोलत होते की त्यांच्या तोंडून कुणी दुसरं बोलत होतं, ते मला तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला एक कुटुंब राहायचं, कुठून तरी पोटासाठी आलेलं. एका रात्री गावातली पोरं तिथं गेली. सामान बाहेर काढलं आणि सांगितलं, उजाडायच्या आत निघा. वर म्हणाली, आबांनी सांगितलंय.

आबांनी सांगितलं नव्हतं. सकाळी कळल्यावर ते तसेच अनवाणी तिकडे धावले, मी मागे. झोपडी रिकामी होती. चुलीत राख होती, आबांनी त्यावर हात धरला आणि म्हणाले, गरम हाय अजून. बराच वेळ ते तसे उकिडवे बसून राहिले, हात राखेवर धरून. नंतर पुन्हा जीप आली तेव्हा ते रानात निघून गेले, आणि मग ती यायची बंद झाली. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी अशीच सांगितली जाते: आबांनी सांगितलं नव्हतं, आबा धावत गेले, आबांनी स्टेज सोडलं. मीही तशीच सांगत आले.

लापुआबद्दल वाचल्यानंतर मला पहिल्यांदा वाटलं, की या गोष्टीत एक वाक्य नाही. पारावर उभं राहून, सगळ्यांच्या देखत, मी असं सांगितलं नव्हतं आणि जे झालं ते चूक झालं, हे आबांनी कधी म्हटलं नाही. पोरांना हाक मारून विचारलं नाही. त्या माणसांना शोधायला गाडीबैल जुंपला नाही. ते फक्त गप्प झाले. आम्ही त्या गप्प बसण्याला पश्चात्ताप म्हणालो. कोसोलाही प्रत्येक गाडीत बसलेला नव्हता. त्याच्या नावानं गाड्या निघत होत्या, त्याला माहीत होतं, आणि त्यानं नाव काढून घेतलं नाही. आबा आणि कोसोला एक नव्हेत. एकीकडे एक झोपडी आणि दुसरीकडे एका देशाची राज्यघटना. पण राखेवरचा तो हात आणि बैठक धुणारी ती बाई मला आता एकत्रच दिसतात.

मागच्या रविवारी मी अप्पांना फोन केला. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. शाळू निसवलाय, थंडी बरी आहे, असं बोलणं झालं. मग मी विचारलं, अप्पा, ओढ्याकाठची ती माणसं नंतर कुठं गेली?

फोनवर बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं लाइन गेली.

“तुळजापूरच्या अंगाला गेली असं कुणीतरी म्हणालं होतं,” अप्पा म्हणाले. “कुणी बघायला गेलं नाही.” मग थांबून त्यांनी त्या माणसाचं नाव सांगितलं. बायकोचंही. इतकी वर्षं त्यांना दोन्ही पाठ होती. “तीन पोरं होती त्यांना. मधली तुझ्या वर्गात होती की गं. तुझ्या शेजारी बसायची.”

मला ती आठवत नाही. राख आठवते, आबांचे अनवाणी पाय आठवतात, नवा पटका आठवतो. ती मुलगी आठवत नाही. अप्पांकडून मी तिचं नाव दोनदा विचारून घेतलंय, आणि वर्गाचा तो बाक डोळ्यांसमोर आणून रोज रात्री बघत बसते.